कॉमिक्सच्या संग्रहाची संगणकीय सूची: सुरुवातीच्या निर्णयांचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका खासगी संग्रहाचे आहे. संग्राहकांनी शाळकरी वयापासून निवृत्तीपर्यंत जमवलेले सुमारे ३,००० अंक, काही जाडजूड संकलित आवृत्त्या (अनेक अंक एकत्र छापलेली पुस्तके) आणि देवनागरी लिपीत छापलेले दोनेकशे अंक असा हा ऐवज पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलेला होता. अंक सुस्थितीत होते. बहुतेकांना प्लास्टिकची पिशवी आणि मागे पुठ्ठा होता. संग्राहकांची स्मरणशक्तीही दांडगी होती आणि बराच काळ तीच या संग्रहाची सूची होती. मात्र खोक्यांची संख्या वाढत गेली तसे एकच अंक दोनदा विकत घेतला जाणे आणि हवा असलेला अंक खोक्यांत शोधत अर्धा दिवस जाणे असे प्रकार वारंवार होऊ लागले.

लिखित नोंदी दोन ठिकाणी होत्या. एक वही होती, जिच्यात मालिकेचे नाव, अंकाचा क्रमांक आणि खरेदीचे वर्ष एवढेच लिहिलेले होते. दुसरी एक एक्सेल फाइल होती, जी एक तृतीयांश संग्रह भरून झाल्यावर अर्धवट सोडून दिलेली होती. संगणकाच्या कामात मदत करायला संग्राहकांची भाची पुढे आली आणि तिने कॉमिक्सच्या सूचीसाठीच तयार केलेले, वार्षिक वर्गणीचे एक सॉफ्टवेअर घेतले. सूचीकरणाच्या दृष्टीने सल्ला देण्यासाठी मला बोलावण्यात आले तेव्हा पहिले तीन खोके त्यात भरून झाले होते.

संग्राहकांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. सॉफ्टवेअरचे नावही मुद्दाम दिलेले नाही, कारण इथे जे निर्णय घ्यावे लागले ते कोणतेही सॉफ्टवेअर वापरले असते तरी घ्यावेच लागले असते, आणि ते निर्णय न घेता थेट स्कॅनिंगला सुरुवात झाली, हेच या प्रकरणाचे मूळ आहे.

अडचण कशी लक्षात आली

भाचीने फोनच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचून अंकामागून अंक भरले होते. सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या सामायिक डेटाबेसमधून मुखपृष्ठाचे चित्र, लेखक, चित्रकार, प्रकाशनाची तारीख असे सगळे आपोआप आणत होते, त्यामुळे पडद्यावर दिसणारी सूची अतिशय देखणी होती. ती पडताळून पाहण्यासाठी संग्राहकांनी एक खोका उघडला आणि पडद्यावरची नोंद व हातातला अंक यांची जोडी लावायला घेतली, तेव्हा भाचीच्याच पहिल्यांदा लक्षात आले: “मामा, यादीत या अंकाचं निळं मुखपृष्ठ दिसतंय, आपल्याकडे तर लाल आहे.”

असे अनेक अंक निघाले. एकाच अंकाची वेगवेगळ्या मुखपृष्ठांची रूपे बाजारात येतात, आणि एखादा अंक पुन्हा छापला गेला तर दुसऱ्या मुद्रणाचे मुखपृष्ठ पुष्कळदा वेगळ्या रंगात काढतात. भाचीने घेतलेल्या सॉफ्टवेअरने अशा ठिकाणी पर्यायांची यादी दाखवली होती आणि घाईत पहिलाच पर्याय निवडला गेला होता. दुसरा दोष याहून गंभीर होता. संग्राहकांकडे ज्या अंकांच्या दोन प्रती होत्या, तिथे कुठे एकच नोंद झाली होती, कुठे दोन स्वतंत्र नोंदी झाल्या होत्या, तर कुठे एका नोंदीत ‘संख्या: २’ असे आपोआप पडले होते. तिसरे म्हणजे कोणता अंक कोणत्या खोक्यात आहे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणजे ज्या दोन त्रासांपायी हे काम हाती घेतले, ते दोन्ही या देखण्या सूचीने सुटत नव्हते.

सूचीने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची

काम थांबवून आधी एकच गोष्ट केली. संग्राहकांनी सूचीला कोणकोणते प्रश्न विचारायचे आहेत ते कागदावर उतरवून काढले. हा अंक माझ्याकडे आहे का? असल्यास कोणत्या खोक्यात? अमुक मालिकेतले कोणते अंक राहिले आहेत? दोन प्रतींपैकी कोणती द्यायची आणि कोणती ठेवायची? संग्रहाचे नुकसान झालेच तर काय काय होते, हे दाखवता येईल का?

ही यादी साधी दिसते, पण तिच्यामुळे बरेच वाद मिटले. लेखक, चित्रकार, शाईकार (पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवणारा), अक्षरलेखक आणि कथेतली पात्रे यांची नोंद यांपैकी एकाही प्रश्नाला लागत नव्हती. ती माहिती सामायिक डेटाबेसमधून आपोआप आली तर ठेवायची, पण ती तपासण्यात किंवा हाताने भरण्यात वेळ घालवायचा नाही, असे ठरले. उलट खोक्याचा क्रमांक आणि प्रतीची स्थिती या दोन गोष्टी कोणत्याही डेटाबेसमधून येणार नव्हत्या. त्या अंक हातात घेऊनच भराव्या लागणार होत्या. माझ्या मते कोणत्याही खासगी संग्रहाच्या सूचीत खऱ्या कष्टाची जागा हीच असते आणि सॉफ्टवेअरच्या जाहिरातींत नेमका तिचाच उल्लेख नसतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुनी एक्सेल फाइलच पुढे चालवण्याचा होता. तिच्यावर संग्राहकांचा हात बसलेला होता, ती कुठल्याही कंपनीवर अवलंबून नव्हती आणि हवे तितके रकाने वाढवता येत होते. परंतु मुखपृष्ठाची चित्रे, राहिलेल्या अंकांची यादी आणि मालिकांची नेमकी नावे हे सारे हाताने करावे लागले असते. शिवाय कॉमिक्सच्या बाबतीत स्प्रेडशीटच्या काही खोडी फार नडतात. ‘१/२’ अशा क्रमांकाचा अंक इंग्रजी आकड्यांत टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. बारकोडचा आकडा लांब असेल तर तो घातांकाच्या रूपात दाखवते. जुन्या फाइलमध्ये याहूनही बारीक गोष्ट सापडली, तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुसरा पर्याय ग्रंथालयांसाठी असलेल्या सॉफ्टवेअरचा होता. संकलित आवृत्त्यांना आयएसबीएन (पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असतो, त्यामुळे त्यांची नोंद अशा सॉफ्टवेअरमध्ये चांगली होते. सुट्या अंकांना मात्र आयएसबीएन नसतो, आणि ग्रंथालयाची नियतकालिकांच्या नोंदीची पद्धत ‘मालिका एक, तिचे अंक अनेक’ एवढे सांभाळत असली, तरी एका अंकाची चार मुखपृष्ठे ही कल्पना तिच्यात बसवायला फार ओढाताण करावी लागते. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

तिसरा पर्याय खास कॉमिक्ससाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरचा. सीएलझेड कॉमिक्स, कॉमिकबेस, लीग ऑफ कॉमिक गीक्स ही या प्रकारातली परिचित नावे आहेत. त्यांच्यात फरक पुष्कळ असले तरी मूळ रचना सारखीच असते: एक मोठा सामायिक डेटाबेस आणि त्यातून ‘हा माझ्याकडे आहे’ असे निवडून तयार होणारी तुमची यादी. याचा मोठा लाभ असा की मालिकेतले राहिलेले अंक आपोआप कळतात, कारण मालिकेत एकूण अंक किती ते डेटाबेसला माहीत असते. धोका असा की सामायिक डेटाबेसमध्ये जे नाही ते भरताना अडचण येते, आणि वर्गणी बंद केल्यावर स्वतःची माहिती कोणत्या रूपात हाती राहील, हे आधी विचारून घ्यावे लागते.

चौथा पर्याय ग्रँड कॉमिक्स डेटाबेसचा आधार घेऊन स्वतःची यादी करण्याचा होता. १९९४ मध्ये सुरू झालेला हा स्वयंसेवकांचा प्रकल्प जगभरातल्या छापील कॉमिक्सची नोंद करतो आणि त्यातली माहिती श्रेय देऊन, त्याच अटींवर पुढे वापरू देतो. भाचीला प्रोग्रॅमिंग येत नसल्यामुळे तो मार्ग पूर्णपणे स्वीकारता आला नाही, पण या डेटाबेसची मालिका ओळखण्याची पद्धत पुढे जशीच्या तशी उचलली.

विकत घेतलेले सॉफ्टवेअर तिसऱ्या प्रकारातलेच होते. ते बदलण्याचे कारण नव्हते. बदलायची होती ती वापरण्याची रीत. म्हणून तीन खोक्यांच्या सगळ्या नोंदी काढून टाकून एका खोक्यापासून पुन्हा सुरुवात करायची, असा निर्णय झाला. झालेले काम पुसायला भाचीचा जीव होत नव्हता, आणि ते स्वाभाविकच होते. तरीही प्रत्येक नोंद दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने भरणे लवकर होते, हे तिने स्वतः काही अंकांवर करून पाहिले आणि मग संमती दिली.

पहिला निर्णय: मालिका कोणती?

वहीत एका मालिकेखाली सलग लिहिलेले अंक प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या मालिकांचे होते. अमेरिकी प्रकाशक मालिकेचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात आणि काही वर्षांनी मागच्या क्रमांकाशी जुळवूनही घेतात. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ १९६३ मध्ये सुरू झाली, १९९८ मध्ये ४४१ व्या अंकाला थांबली, लगेच क्रमांक १ पासून नव्याने निघू लागली आणि २००३ मध्ये ५८ व्या अंकानंतर थेट ५०० वा अंक आला. ‘ॲक्शन कॉमिक्स’ १९३८ पासून चालत आलेली असूनही २०११ मध्ये तिचा पुन्हा पहिला अंक निघाला आणि २०१६ मध्ये ती ९५७ व्या क्रमांकावर परतली. तेव्हा नुसते ‘ॲक्शन कॉमिक्स, अंक १’ असे लिहिले तर ते १९३८ चे की २०११ चे, हे कळायला मार्ग नाही, आणि या दोन अंकांत केवढे अंतर आहे ते कोणत्याही संग्राहकाला सांगायला नको.

म्हणून मालिकेची ओळख नाव, प्रकाशक आणि सुरुवातीचे वर्ष अशी तिहेरी ठेवायची, असे ठरले. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस हेच करतो. ‘खंड १’, ‘खंड २’ अशी मांडणी आम्ही टाळली, कारण खंडाचा आकडा अंकावर असतोच असे नाही आणि निरनिराळी सॉफ्टवेअर तो निरनिराळ्या तऱ्हेने मोजतात. सुरुवातीच्या वर्षाबाबत मतभेदाला फारशी जागा राहत नाही.

नाव कुठून घ्यायचे, हाही प्रश्न होताच. मुखपृष्ठावरचे ठळक अक्षरांतले नाव आणि आतल्या पानावर बारीक टायपात छापलेल्या प्रकाशन-तपशिलातले नाव नेहमी एकच असते असे नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या एक्स-मेन मालिकेच्या मुखपृष्ठावर ‘अनकॅनी’ हा शब्द ११४ व्या अंकापासून दिसतो, पण आतल्या तपशिलात तो १४२ व्या अंकापासून आला. मुखपृष्ठाप्रमाणे नावे भरली तर मालिका एका जागी तुटते, आतल्या तपशिलाप्रमाणे भरली तर दुसऱ्या जागी. आम्ही आतला तपशील प्रमाण मानला, आणि मुखपृष्ठावरचे नाव वेगळे असेल तर ते टिपणात घ्यायचे ठरवले. दोन्ही नावांनी शोध लागावा, एवढीच अपेक्षा होती.

दुसरा निर्णय: अंकाचा क्रमांक हा आकडा नव्हे

जुन्या एक्सेल फाइलमध्ये क्रमांकाचा रकाना आकड्यांचा होता. कॉमिक्सच्या बाबतीत हे चालत नाही. डीसी या अमेरिकी प्रकाशकाने १९९४ मध्ये आपल्या अनेक मालिकांचे शून्य क्रमांकाचे अंक काढले. मार्व्हल या दुसऱ्या अमेरिकी प्रकाशकाने १९९७ मध्ये उणे एक क्रमांकाचे अंक काढले. १९९८ मध्ये डीसीने दहा लाख हा क्रमांक छापलेले अंक काढले. त्यांखेरीज अर्ध्या क्रमांकाचे अंक, वार्षिक विशेषांक आणि मुळीच क्रमांक नसलेले एकल अंक असतातच. क्रमांकाची नोंद मजकूर म्हणून केली तर हे सगळे बसते, पण मग यादी १, १०, १००, २ अशी लागते.

यावर उपाय म्हणजे दोन रकाने. एकात छापला असेल तसाच क्रमांक, दुसऱ्यात निव्वळ क्रम लावण्यासाठीचा आकडा. निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीपासूनच होती, पण ती असते हे माहीत नसल्याने तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. दहा लाख क्रमांकाचा अंक मालिकेत शेवटी न जाता ज्या महिन्यात तो निघाला त्या जागी बसला, तेव्हा संग्राहकांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. तो अंक ते कित्येक वर्षे ‘क्रमाबाहेरचा’ म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवत आले होते.

तिसरा निर्णय: नोंद अंकाची की प्रतीची?

सर्वाधिक चर्चा यावर झाली. अंक ही छापखान्यातून हजारोंनी निघालेली वस्तू. प्रत म्हणजे त्यांतली आपल्या खोक्यात असलेली एक. शीर्षक, क्रमांक, तारीख, मुखपृष्ठाचा प्रकार ही माहिती अंकाची असते. कोपरा दुमडलेला आहे, पिन गंजली आहे, पहिल्या पानावर कुणी सही केली आहे, खोका सातमध्ये आहे, ही माहिती प्रतीची असते. दोन्ही एकाच नोंदीत कोंबले आणि ‘संख्या: २’ असे लिहिले की कोणती प्रत खोका सातमधली आणि कोणती खोका अकरामधली, हे सांगता येत नाही.

संग्राहकांचे म्हणणे असे होते की इतक्या थोड्या दुहेरी प्रतींसाठी प्रत्येक प्रतीची वेगळी नोंद कशाला. भाचीला मात्र प्रत्येक प्रतीची वेगळी नोंद हवी होती. दुहेरी प्रती थोड्या असतील तर वेगळी नोंद करण्याचा त्रासही थोडाच आहे, आणि ‘कोणती द्यायची, कोणती ठेवायची’ हा प्रश्न संग्राहकांनीच कागदावर लिहिला होता, याकडे मी लक्ष वेधले. त्यावर एकमत झाले. प्रत्येक प्रतीला खोक्याचा क्रमांक आणि खोक्यातली जागा मिळून एक खूण मिळाली. ती पेन्सिलने मागच्या पुठ्ठ्यावर लिहिली, अंकावर मुळीच नाही.

प्रतीच्या स्थितीबाबत मात्र तडजोड केली. बाजारात ०.५ ते १०.० अशी दर्जाची श्रेणी रूढ आहे आणि पैसे घेऊन अंक तपासून, सीलबंद करून देणाऱ्या संस्था ती वापरतात. पण ९.२ आणि ९.४ यांतला फरक ओळखायला सराव लागतो, आणि संग्राहकांनी एकच अंक काही दिवसांच्या अंतराने पाहून दोन वेगळे दर्जे दिले. म्हणून उत्तम, चांगला, वापरलेला, जीर्ण असे चारच दर्जे ठेवले. विकायला काढायच्या प्रतींचा बारीक दर्जा पुढे ठरवता येईल. ३,००० प्रतींचा आजच ठरवण्यात अर्थ नव्हता.

बारकोडवर किती भिस्त ठेवायची

बारकोडमुळे काम झपाट्याने होते, यात शंका नाही. पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नये. अमेरिकी कॉमिक्सवर बारकोड १९७६ पासून येऊ लागले, तेव्हा त्याआधीचे अंक हातानेच शोधावे लागतात. १९८० च्या दशकातल्या, कॉमिक्सच्या खास दुकानांत गेलेल्या अनेक प्रतींवर बारकोडच्या चौकटीत चक्क एखाद्या पात्राचे चित्र असते. ते छपाईचे वैगुण्य नसून त्या प्रती कोणत्या मार्गाने विकल्या गेल्या याची ती खूण आहे. त्याच अंकाच्या वृत्तपत्रांच्या स्टॉलवर गेलेल्या प्रतींवर त्या जागी खरा बारकोड असतो, आणि संग्राहकांच्या लेखी हा फरक महत्त्वाचा असतो.

अलीकडच्या अंकांवर १२ आकड्यांच्या मुख्य बारकोडशेजारी ५ आकड्यांचा छोटा बारकोड असतो. मुख्य बारकोड मालिकेचा; छोट्यातले पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा प्रकार आणि पाचवा कितवे मुद्रण ते सांगतो. ०२४११ म्हणजे चोविसावा अंक, पहिले मुखपृष्ठ, पहिले मुद्रण. ०२४२१ म्हणजे त्याच अंकाचे दुसरे मुखपृष्ठ, आणि ०२४१२ म्हणजे पहिल्या मुखपृष्ठाचे दुसरे मुद्रण. फोनचा कॅमेरा तिरका धरला तर तो फक्त मुख्य बारकोड वाचतो आणि सॉफ्टवेअर सगळ्या मालिकेची यादी समोर ठेवते. पहिल्या तीन खोक्यांत असेच झाले होते. त्यानंतर स्कॅन झाल्यावर पडद्यावर १७ आकडे दिसले तरच नोंद पक्की करायची, नाहीतर चित्र आणि प्रकाशन-तपशील डोळ्यांनी जुळवायचा, असा नियम केला.

जुन्या एक्सेल फाइलमधली जी बारीक गोष्ट वर म्हटली, ती या १७ आकड्यांशीच निगडित आहे. संग्राहकांनी काही वर्षांपूर्वी बारकोडचे वाचक यंत्र आणून ५०० च्या आसपास अंकांचे पूर्ण बारकोड फाइलमध्ये घेतले होते. ते इम्पोर्ट करून बराच वेळ वाचेल, अशी आशा होती. पाहिले तर प्रत्येक बारकोडच्या शेवटी दोन शून्ये होती. एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ अर्थपूर्ण आकडेच सांभाळते आणि त्यापुढचे शून्य करून टाकते; इथे सोळावा आणि सतरावा आकडा नेमके मुखपृष्ठाचे आणि मुद्रणाचे होते. म्हणजे अंक कोणता हे शिल्लक राहिले आणि त्याचे कोणते रूप हे कायमचे पुसले गेले. रकान्याचे स्वरूप आधीच ‘टेक्स्ट’ केले असते तर हे टळले असते. त्या फाइलमधून शेवटी खरेदीचे वर्ष तेवढे घेतले.

देवनागरी अंकांचे काय केले

देवनागरी लिपीतल्या अंकांपैकी अगदी थोडे सामायिक डेटाबेसमध्ये सापडले. ते सगळे हाताने भरायचे, की रोमन लिपीत नाव लिहून सोपे करायचे, यावर विचार झाला. लिप्यंतर प्रत्येक जण वेगळे करतो, त्यामुळे छापले आहे तसेच देवनागरीत नाव ठेवून रोमन रूप दुसऱ्या रकान्यात घ्यायचे ठरले.

त्यात एक अनपेक्षित अडथळा आला. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे टंकता येते: एका स्वतंत्र चिन्हाने, किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना हे सॉफ्टवेअर त्यांना वेगळे समजत होते. ‘दुसऱ्या’ या शब्दातल्या ‘ऱ्या’चेही तसेच. संग्राहक संगणकावर आणि भाची फोनवर टंकत असल्यामुळे एकाच मालिकेच्या दोन मालिका झाल्या होत्या. यावर तोडगा असा की मालिकेचे नाव एकदाच टंकायचे आणि पुढे प्रत्येक वेळी यादीतून निवडायचे; नव्याने टंकायचे नाही. हीच सूची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून काढून एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे येत होती. ती उघडण्याऐवजी ‘डेटा’ मेनूतून इम्पोर्ट करून, युटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षर-संकेतन पद्धत) निवडले की नीट दिसली.

प्रत्यक्ष काम आणि परिणाम

पहिला खोका दोघांनी मिळून भरला आणि त्यात आलेल्या प्रत्येक शंकेचे उत्तर एका पानावर लिहिले. वार्षिकांक वेगळी मालिका मानायची का, तारीख मुखपृष्ठावरची घ्यायची की विक्रीची (मुखपृष्ठावरची तारीख बहुधा दोन-तीन महिने पुढची असते), अशी ती उत्तरे होती. ते पान हा या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी दस्तऐवज ठरला, कारण पुढचे खोके दोघे वेगवेगळ्या वेळी भरत होते आणि तरीही नोंदी एकसारख्या आल्या.

दुसऱ्या खोक्याआधी एक चाचणी मुद्दाम घेतली. पहिल्या खोक्याची सगळी माहिती बाहेर काढून दुसऱ्या रिकाम्या खात्यात परत भरून पाहिली. त्यात स्वतः जोडलेला ‘कोणाकडून मिळाला’ हा रकाना आलाच नाही. म्हणून ती माहिती सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या टिपणाच्या रकान्यात लिहायचे ठरले, जो व्यवस्थित बाहेर येत होता. सगळा संग्रह भरून झाल्यावर हे कळले असते तर दुरुस्ती फार जड गेली असती. आता दर खोक्यानंतर सीएसव्ही काढून ती संगणकावर, एका वेगळ्या ड्राइव्हवर आणि क्लाउडवर ठेवली जाते.

हे लिहिताना सुटे अंक जवळजवळ सगळे भरून झाले आहेत आणि फोनवरून ‘हा अंक माझ्याकडे आहे का’ याचे उत्तर काही क्षणांत मिळते. दुहेरी प्रती अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. त्यांतल्या कितीतरी एकाच अंकाच्या वेगवेगळ्या मार्गांनी विकल्या गेलेल्या किंवा वेगळ्या मुद्रणाच्या प्रती असल्याचे दिसल्यावर संग्राहकांनी त्या ठेवून घेतल्या. वहीत असलेले काही अंक कोणत्याच खोक्यात सापडले नाहीत. त्यांची नोंद ‘आहे’ अशी न करता ‘वहीत आहे, प्रत्यक्ष नाही’ अशी खूण करून ठेवली आहे.

सॉफ्टवेअर प्रत्येक अंकाची अंदाजे बाजारकिंमत दाखवते. ती या सूचीत वापरलेली नाही. किंमत प्रतीच्या स्थितीवर अवलंबून असते आणि आमचे चार दर्जे त्या हिशेबासाठी फारच ढोबळ आहेत. त्या बेरजेवर विसंबणे संग्राहकांच्या हिताचे नव्हते. नुकसानीच्या पुराव्यासाठी प्रत्येक खोक्यातले अंक फरशीवर मांडून फोटो काढले आणि महत्त्वाच्या मोजक्या अंकांची पुढची-मागची बाजू वेगळी टिपली.

वेगळे काय करता आले असते

सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी भरण्याआधी चाचणीच्या मुदतीत एकच खोका भरून पाहिला असता, आणि तोही सोपा खोका न निवडता जुने, बारकोड नसलेले, देवनागरी, दुहेरी असे सगळे नमुने एकत्र करून बनवलेला खोका घेतला असता, तर वरचे बहुतेक निर्णय पहिल्याच आठवड्यात समोर आले असते. आम्ही चाचणीसाठी हाताशी आला तो खोका घेतला; त्यात देवनागरी अंक नव्हते, म्हणून अक्षरांचा घोळ खूप उशिरा कळला.

खोक्यांची मांडणी सूचीच्या आधी बदलायची की नंतर, हा निर्णय मला अजूनही वादाचा वाटतो. आम्ही खोके होते तसेच ठेवून भरले, कारण मालिकेनुसार लावण्यात आधीच कित्येक आठवडे गेले असते. त्याची किंमत आता मोजावी लागते आहे: संग्राहकांना एक मालिका सलग एका खोक्यात हवी आहे, आणि अंक हलवला की त्याची जागा सूचीत बदलावी लागते. प्रतीची खूण खोक्यावर आधारलेली न ठेवता निव्वळ सलग क्रमांक दिला असता आणि खोका वेगळ्या रकान्यात घेतला असता, तर अंक हलवल्यावर पुठ्ठ्यावरची खूण खोडावी लागली नसती. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेच करावे, असे मी सुचवेन.

संकलित आवृत्त्या अजून राहिल्या आहेत. त्यांचे बारकोड वाचायला अडचण नाही. २००७ च्या आधीच्या आवृत्त्यांवर १० आकड्यांचा आयएसबीएन छापलेला असला तरी तो शोधात सापडतो. प्रश्न असा आहे की एखाद्या आवृत्तीत मालिकेचे अंक १ ते ६ पुन्हा छापलेले असतील, तर ते सहा अंक राहिलेल्या यादीतून वगळायचे का. संग्राहकांना मूळ अंकच हवे आहेत. भाचीला कथा वाचायला मिळाली की पुरे आहे. सॉफ्टवेअर एकच यादी ठेवते. सध्या त्या आवृत्त्यांना ‘वाचनासाठी’ अशी खूण देऊन राहिलेल्या अंकांच्या यादीला हात लावायचा नाही, असे ठरले आहे.